निवेदन राष्ट्रपतींच्या नावे, पण निर्णय कुणाच्या हातात?

भोपाळ : मराठी शाळेला शिक्षक मिळत नाही, सीमेचा प्रश्न लटकलाय, की आपण निवेदन लिहितो. वर 'महामहीम राष्ट्रपती', खाली 'जिल्हाधिकाऱ्यांमार्फत'. इकडे मध्य प्रदेशात त्यालाच ज्ञापन म्हणतात. फोटो निघतो, कागद आत जातो. पुढे काय? राष्ट्रपतींच्या हातात नेमकं किती असतं, हे समजायला भोपाळचंच उदाहरण घेऊ.

डॉ. शंकरदयाळ शर्मा मूळचे भोपाळचे. १९५२ ते १९५६ जुन्या भोपाळ राज्याचे मुख्यमंत्री, १९८६-८७ मध्ये महाराष्ट्राचे राज्यपाल आणि १९९२ ते १९९७ राष्ट्रपती. बाबरी मशीद पाडली गेल्यानंतर १५ डिसेंबर १९९२ ला भोपाळमधलं सुंदरलाल पटवा सरकार बरखास्त झालं. घोषणा शर्मांच्या नावे निघाली, निर्णय मात्र नरसिंह राव मंत्रिमंडळाचा. १९९३ मध्ये उच्च न्यायालयाने ती रद्द केली, तर १९९४ च्या बोम्मई निकालात सर्वोच्च न्यायालयाने ती वैध ठरवली. पण अशी घोषणा न्यायालय तपासू शकतं, हेही त्याच निकालाने पक्कं केलं.

मग राष्ट्रपती म्हणजे नुसता रबरी शिक्का? तसंही नाही. १९९६ च्या निवडणुकीच्या तोंडावर त्याच राव सरकारने दोन अध्यादेश पाठवले. एक दलित ख्रिश्चनांच्या आरक्षणाचा, दुसरा प्रचाराचे दिवस कमी करण्याचा. शर्मांनी सही केली नाही, आणि सरकारनेही विषय सोडून दिला.

नियम साधा आहे. ४२ व्या घटनादुरुस्तीने (१९७६) मंत्रिमंडळाचा सल्ला बंधनकारक केला. ४४ व्या दुरुस्तीने (१९७८) तो एकदा फेरविचारासाठी परत पाठवायची मुभा दिली. तोच सल्ला पुन्हा आला, तर मानावाच लागतो. कुणालाच बहुमत नसेल तेव्हा मात्र राष्ट्रपतींचा स्वतःचा निर्णय लागतो. मे १९९६ मध्ये शर्मांनी सर्वात मोठ्या पक्षाचे नेते म्हणून वाजपेयींना बोलावलं. ते सरकार १३ दिवस टिकलं.

आता आपल्या कामाचं. अनुच्छेद ३ प्रमाणे राज्याची सीमा बदलणारं विधेयक राष्ट्रपतींच्या शिफारशीशिवाय संसदेत मांडताच येत नाही. ३४७ खाली एखाद्या राज्यातल्या मोठ्या समाजाच्या मागणीवरून त्यांच्या भाषेला तिथे मान्यता द्यायचा निर्देश राष्ट्रपती देऊ शकतात. ३५० क खाली मातृभाषेतल्या प्राथमिक शिक्षणासाठी राज्याला निर्देश देता येतात. ३५० ख खाली भाषिक अल्पसंख्याकांसाठी विशेष अधिकारी नेमला जातो, आणि त्याचे अहवाल संसदेपुढे येतात.

वाचायला भारी वाटतं. पण या प्रत्येक ठिकाणी 'राष्ट्रपती' म्हणजे व्यवहारात केंद्र सरकार. त्यात २० नोव्हेंबर २०२५ ला सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं, की विधेयकावर निर्णय घ्यायला राष्ट्रपतींना न्यायालय मुदत घालून देऊ शकत नाही. विधेयकालाच मुदत नाही, तर आपल्या निवेदनाला कुठली?

म्हणून निवेदन जरूर द्या, पण मोघम नको. कुठल्या अनुच्छेदाखाली काय हवंय, ते लिहा. सोबत शाळेचा पट, मंजूर पदं, रिकामी पदं जोडा. एक प्रत खासदारांना द्या आणि संसदेत प्रश्न विचारला का, याचा पाठपुरावा करा. सही राष्ट्रपती भवनात होते हे खरं, पण तो कागद तयार होतो मंत्रालयात, आणि मंत्र्याला जाब विचारणारा माणूस आपणच निवडून दिलेला असतो.