मुकें झालेलें यंत्र

वस्तु हरवली असतां मनुष्य दोहोंपैकीं एका रीतीनें वागतो. कोणी ती आतां मिळणें नाहीं असें ठरवून नव्या वस्तूची किंमत विचारूं लागतो. कोणी कमर कसून घराचा कोपरान् कोपरा धुंडाळतो. लूककृत शुभवर्तमानांतील ज्या स्त्रीचें एक नाणें हरपलें होतें, तिच्या पदरीं आणखी नऊ नाणीं शिल्लक होतीं. तरीहि त्या एकासाठीं केर काढण्याचा खटाटोप तिला जड वाटला नाहीं. हा दाखला आपण सर्वांनीं सकाळच्या प्रार्थनेच्या वेळीं अनेकदां ऐकला आहे. परंतु ऐकलेला दाखला व आचरलेला दाखला यांत किती अंतर असतें, हें आम्हांस यंदां आपल्या शाळेच्या संगणकाच्या खोलींत कळून आलें. तेथें हरपलें होतें तें नाणें नव्हे, तर एका जुन्या संगणकाचा आवाज होय.

खिडकीजवळच्या मेजावरील हा संगणक आमच्यांतील पुष्कळांच्या परिचयाचा आहे. त्यावर 'विंडोज एक्स्पी' नांवाची कार्यप्रणाली चालते. ही प्रणाली २५ ऑक्टोबर २००१ रोजीं बाजारांत आली व ८ एप्रिल २०१४ रोजीं मायक्रोसॉफ्ट कंपनीनें तिची सर्वसाधारण देखभाल बंद केली. म्हणजे आज या शाळेंत शिकणाऱ्या बहुतेक विद्यार्थ्यांहून ती वयानें वडील आहे. असें असतांहि तो संगणक अजून तेथें आहे, याचें कारण आपल्या वरच्या वर्गांतील एक अंध विद्यार्थिबंधु त्यावर रोज वाचन करतो. पडद्यावरील अक्षरें मोठ्यानें उच्चारून दाखविणारा 'एन्. व्ही. डी. ए.' हा कार्यक्रम त्यांत बसविलेला आहे. मायकेल करन या ऑस्ट्रेलियांतील अंध तरुणानें २००६ सालीं त्याचा आरंभ केला. पुढें जेम्स टे हे दुसरे अंध गृहस्थ त्यांना येऊन मिळाले. तो कार्यक्रम कोणासहि विनामूल्य मिळतो. एक्स्पीवर चालणारी त्याची शेवटची आवृत्ति २०१७ सालची असून तीच आमच्या यंत्रांत आहे.

दिवाळीच्या सुटींत खोलीस रंग दिला गेला. सुटी संपून शाळा भरली, तेव्हां संगणक नेहमीप्रमाणें सुरू झाला, पडदा उजळला, परंतु आवाज मात्र येईना. आम्हां डोळसांस ही केवळ एक गैरसोय होती. गाणें ऐकूं आलें नाहीं, तर पडद्यावरचें पान वाचतां येतें. आवाज बंद केल्याची खूण कोपऱ्यांत दिसली, तर ती काढतां येते. अंध मनुष्याची स्थिति याहून निराळी आहे. त्याचा आवाज गेला म्हणजे त्याचें पानहि गेलें, खूणहि गेली, आणि बिघाड शोधण्याचें साधनहि त्याच क्षणीं हातचें गेलें. दिव्यानें शोधावें, तर दिवाच हरवलेला, असा तो प्रसंग होता.

त्या दिवशीं खोलींत दोन मतें ऐकूं आलीं. पहिलें मत असें कीं, यंत्र जुनें झालें आहे, तें मोडींत काढावें. दुसरें मत असें कीं, यंत्रांतील सर्व कांहीं पुसून टाकावें व प्रणाली नव्यानें भरावी. दोन्हीं मतें मोठ्या आत्मविश्वासानें मांडलीं गेलीं, आणि तीं मांडणाऱ्यांत आम्हीहि होतों, हें येथें कबूल केलें पाहिजे. आतां मागें वळून पाहतां आम्हांस असें वाटतें कीं, हीं दोन मतें वरून भिन्न दिसलीं तरी मुळांत एकच आहेत. शोध करण्याचे श्रम चुकविणें, हें त्यांचें मूळ.

पहिल्या मताविषयीं फारसें सांगावयास नको. रोग न ओळखतांच रोग्यास स्मशानाची वाट दाखविणारा वैद्य कोणासच आवडत नाहीं. दुसरें मत मात्र शहाणपणाचें वाटतें, म्हणून तें अधिक घातक आहे. संगणकाची प्रणाली व त्यांतील ध्वनीचा भाग यांस एकमेकांची भाषा कळत नाहीं. त्यांच्यामध्यें 'ड्रायव्हर' नांवाचा एक दुभाषा असावा लागतो. इंटेल कंपनीनें 'हाय डेफिनिशन ऑडिओ' ही ध्वनीची पद्धति २००४ सालीं प्रसिद्ध केली. एक्स्पी तिच्या तीन वर्षें आधीं जन्मास आलेली. त्यामुळें त्या पद्धतीच्या यंत्राचा दुभाषा एक्स्पीच्या मूळ तबकडींत नसतो, तो निराळा मिळवून बसवावा लागतो. इतक्या वर्षांनंतर तो सहज हातीं लागेलच असें नाहीं. तेव्हां दुभाष्याची प्रत जवळ न ठेवतां जो सर्व पुसून टाकतो, तो आवाज परत आणीत नाहीं. उलट जो आवाज कदाचित् चार दिवसांत परत आला असता, तो कायमचा घालवून बसतो.

मग करावें काय? ध्वनीचा मार्ग आधीं मनांत आणावा आणि त्या मार्गानें एक एक पायरी चालत जावें. बोलणारा कार्यक्रम आपला शब्द प्रणालींतील ध्वनिसेवेकडे देतो. सेवा तो दुभाष्याकडे देते. दुभाषा ध्वनीच्या चकतीकडे. तेथून तो पाठीमागच्या छिद्रांतून तारेंत, तारेंतून स्पीकरांत, आणि स्पीकरांतून आपल्या कानीं येतो. या सात ठिकाणांपैकीं एक जरी तुटलें, तरी कानास सारखीच शांतता ऐकूं येते. शांतता आपलें कारण सांगत नाहीं. म्हणून जें हातानें चटकन् तपासतां येतें तें प्रथम, आणि जें उलगडण्यास कठीण तें शेवटीं, हा क्रम सोडूं नये.

आमचे विज्ञानाचे शिक्षक याच क्रमानें गेले. प्रथम त्यांनीं स्पीकर काढून दुसऱ्या संगणकास लावला. तो तेथें उत्तम वाजला. मग त्यांनीं यंत्राची पाठ पाहिली. ध्वनीच्या छिद्रांस बहुधा ठराविक रंग दिलेले असतात: फिकट हिरवें स्पीकरसाठीं, गुलाबी मायक्रोफोनसाठीं, आणि निळें बाहेरचा ध्वनि आंत घेण्यासाठीं. रंगाच्या कामाकरितां मेज सरकवितांना तारा काढून पुन्हा लावल्या होत्या, त्यांत स्पीकरची पिन निळ्या छिद्रांत गेली होती. ती हिरव्यांत बसविली. सर्वांनीं कान टवकारले. परंतु आवाज आला नाहीं. तेव्हां आमच्यापैकीं एकजण ती पिन उपसून पुन्हा निळ्या छिद्रांत घालूं लागला, कारण "तिचा दोष नव्हता" असें त्याला वाटलें. सरांनीं त्याचा हात धरला. त्यांनीं हात धरला नसता, तर पुढील सर्व शोध व्यर्थ गेला असता.

यानंतर आवाज लहानमोठा करण्याच्या जागा पाहिल्या. एक्स्पींत ही जागा एकच नसते. एकंदर आवाजाची पट्टी निराळी, 'वेव्ह' नांवाची पट्टी निराळी, प्रत्येकीखालीं आवाज बंद करण्याचा चौकोन निराळा, शिवाय स्पीकरची कळ निराळी. यांतील कोणतीहि एक खालीं असली, तरी बाकीच्यांचा उपयोग नाहीं. परंतु आमच्या यंत्रांत त्या पट्ट्या हालेचनात. 'कंट्रोल पॅनेल'मधील ध्वनीच्या पानावर 'नो ऑडिओ डिव्हाइस', म्हणजे ध्वनीचें साधनच नाहीं, असें लिहिलें होतें. हें वाचतांच मोडींत काढूं म्हणणाऱ्यांस मोठा हुरूप आला.

सरांनीं मात्र दुसरा साक्षीदार बोलाविला. 'डिव्हाइस मॅनेजर' या पानावर यंत्राच्या सर्व अवयवांची यादी असते; दुभाषा नसेल किंवा बिघडला असेल, तर त्या अवयवापुढें पिवळी खूण दिसते, आणि अवयव मुद्दाम बंद केलेला असेल, तर तांबडी फुली दिसते. तेथें ध्वनीचा अवयव नांवानिशीं हजर होता, आणि त्यापुढें खूण कसलीच नव्हती. एक साक्षीदार म्हणतो, साधन नाहीं. दुसरा म्हणतो, साधन आहे व नीट चाललें आहे. दोघे खरे बोलत असतील, तर दोष दोघांच्या मधल्या जागीं असला पाहिजे. ती मधली जागा म्हणजे 'विंडोज ऑडिओ' ही सेवा. 'सर्व्हिसेस'च्या यादींत पाहिलें, तों ती 'डिसेबल्ड' केलेली आढळली. ती 'ऑटोमॅटिक' करून सुरू करतांच पट्ट्या जाग्या झाल्या, वाचक-कार्यक्रम उघडला, आणि यंत्र बोलूं लागलें.

ती सेवा बंद कोणी केली होती? सुटीच्या आदल्या दिवशीं आमच्यापैकींच एकानें, यंत्र जलद चालावें या सद्हेतूनें. अनावश्यक सेवा बंद कराव्यात असा सल्ला त्यानें कोठेंतरी वाचला होता, आणि कोणती सेवा कोणास आवश्यक आहे याचा विचार न करतां तो अमलांत आणला होता. त्यानें हें आपण होऊन सांगितलें, ही गोष्ट आम्हांस यंत्र सुरू झाल्याइतकीच मोलाची वाटते. एकाच्या दृष्टीनें जें अनावश्यक, तेंच दुसऱ्याचें पुस्तक असूं शकतें.

या प्रसंगाचा खरा बोध आमच्या मतें असा आहे कीं, दोष दोन होते व ते एकमेकांस झांकून होते. एक दुरुस्त केला तरी दुसऱ्यामुळें शांतता तशीच राहिली. आणि अधीर मनानें लगेच पहिली दुरुस्ती हीच चूक मानली. आपल्या अभ्यासांत व आचरणांतहि असेंच घडत नाहीं काय? एक वाईट संवय सोडली, परंतु फळ लगेच दिसलें नाहीं, म्हणून आपण ती पुन्हा धरतों. फळ आलें नाहीं एवढ्यावरून केलेली गोष्ट चुकीची ठरत नाहीं. ती अपुरी असेल. म्हणून एका वेळीं एकच बदल करावा, केलेला बदल वहींत टिपावा, आणि जें बरोबर असल्याची खात्री पटली आहे तें निराशेच्या भरांत मोडूं नये.

आणखी एक गोष्ट लिहिल्यावांचून राहवत नाहीं. सर्व आटोपल्यावर तो अंध विद्यार्थी सहज म्हणाला, "सर, चालू करतांना ती बारीक शिटी रोज ऐकूं येत होती, म्हणून यंत्र मेलें नाहीं, हें मला ठाऊक होतें." १९८१ सालच्या पहिल्या आय. बी. एम्. पी. सी. पासून अशा संगणकांच्या पेटींत एक लहानसा भोंगा असे. त्याचा स्पीकरशीं कांहीं संबंध नसतो, आणि यंत्रानें आपली पहिली तपासणी पुरी केली म्हणजे तो एकदां वाजतो. आम्हीं ती शिटी ऐकूनहि ऐकली नव्हती. त्यानें ती ऐकली होती, परंतु त्याला कोणीं विचारलेंच नव्हतें. ज्याचें नुकसान झालें त्याचीच साक्ष आम्हीं घेतली नाहीं, याची आम्हांस लाज वाटते.

जुनें तें सर्व जपावें, असा मात्र आमचा आग्रह नाहीं. ज्या प्रणालीची देखभाल थांबली आहे, ती इंटरनेटला जोडणें धोक्याचें आहे, आणि आमचा हा संगणक जोडलेला नाहीं. ध्वनीची चकती खरोखरच जळाली असती, तर यू. एस्. बी. छिद्रांत बसणारें एक लहान व स्वस्त ध्वनियंत्र घेऊन काम भागलें असतें. आणि तेंहि चाललें नसतें, तर नवा संगणक मागणें हें आमचें कर्तव्यच ठरलें असतें. त्या बंधूला आज ना उद्यां नवीन यंत्र मिळावें, अशी आमची शाळेच्या चालकांस नम्र विनंति आहे. परंतु नवें यंत्र येईपर्यंत त्याचें वाचन बंद राहावें, हें आम्हांस मान्य नाहीं.

सबब आमची सूचना एवढीच कीं, संगणकाच्या खोलींतील प्रत्येक यंत्राजवळ एक वही असावी व त्यांत कोणीं, कोणत्या दिवशीं, काय बदललें याची नोंद व्हावी. प्रत्येक यंत्राच्या दुभाष्यांची एक प्रत निराळी जपून ठेवावी. आणि यंत्र बिघडलें असतां, जो तें रोज वापरतो त्याला प्रथम विचारावें. यास पैसा लागत नाहीं. विद्यार्थिबंधूंनो, पुढील वेळीं एखादें यंत्र, किंवा एखादा सोबती, मुका झालेला दिसला, तर त्याच्या शांततेस मरण समजूं नका. प्रथम पिन कोठें आहे तें पाहा.