सदाफुलीचे औषध आणि सदाफुलीचा रस

आपल्या वस्तीत पत्र्याच्या डब्यात, नाल्याच्या कडेला, कुठेही सदाफुली फुललेली दिसते. साखरेसाठी तिची पाने चावणारे पुष्कळ आहेत. आता कॅन्सरच्या रुग्णालाही तिचा रस पाजा, असा सल्ला मोबाईलवरून फिरतो आहे. त्याला आमचा स्पष्ट विरोध आहे.

सल्ल्यात थोडे सत्य आहे, म्हणूनच तो पटतो. जमैकातले लोक मधुमेहावर सदाफुलीच्या पानांचा काढा घेत. ती पाने कॅनडात रॉबर्ट नोबल व चार्ल्स बीअर या संशोधकांकडे पोहोचली. उंदरांवर तपासले तर साखर उतरली नाही, पण रक्तातल्या पांढऱ्या पेशी घटल्या. त्यातून १९५८ च्या सुमारास व्हिनब्लास्टिन मिळाले. त्याचेच भावंड व्हिनक्रिस्टिन. एका पेशीच्या दोन होताना आत जे धागे विणले जातात, ते हे औषध विणू देत नाही. वाढणारी पेशी तिथेच मरते. लहान मुलांच्या रक्ताच्या कॅन्सरवर ते आजही इतर औषधांबरोबर देतात.

पण देतात कसे? मुलाची उंची-वजन पाहून, फार तर दोन मिलिग्रॅम, आणि फक्त शिरेतून. शिरेबाहेर सांडले तर आतले मांस जळते. एक ग्रॅम औषधाला शेकडो किलो वाळलेली पाने लागतात. मग पेलाभर रसात ते किती, हे कोण मोजणार? शिवाय त्या पानांत आणखी शंभराहून अधिक द्रव्ये असतात, काही विषारी.

रस पाजणारे आईबाप अडाणी असतात, असे आम्ही मानत नाही. रोज बुडतो, गाडीभाडे लागते, घरी दुसरी लेकरे असतात. महिनाभरात ताप जातो, मूल खेळू लागते. मग दवाखाना सुटतो आणि रस सुरू होतो. खरा घात इथे होतो. तपासणीत न दिसणाऱ्या पेशी उरलेल्या असतात, म्हणून उपचार दोन-तीन वर्षे चालतात. मध्येच सोडले तर आजार उलटतो, आणि दुसऱ्यांदा तो आवरणे फार अवघड.

खर्चासाठी महात्मा जोतीराव फुले जन आरोग्य योजना आहे. रेशनकार्ड व आधार घेऊन रुग्णालयातल्या आरोग्यमित्राला भेटावे. औषधाने हातापायांना मुंग्या आल्या, शौचाला कडक झाले, तर डॉक्टरांना सांगावे. रस आधीच पाजला असेल, तर तेही लपवू नये.