दम्याचा माग रक्तात

दम्याच्या वृद्ध रुग्णाच्या घरी रक्तचाचणीच्या जुन्या अहवालांचा गठ्ठा असतोच. पण त्यातील ‘इओसिनोफिल’ ही ओळ सहसा कोणी वाचत नाही. दम्यात या पांढऱ्या पेशी वाढलेल्या असतील, तर श्वासनलिकांची सूज बहुधा स्टेरॉइडला दाद देणारी असते. टक्केवारीपेक्षा प्रत्यक्ष संख्या महत्त्वाची. एका मायक्रोलिटर रक्तात एकूण पांढऱ्या पेशी ८००० आणि इओसिनोफिल ५ टक्के असल्यास ती ४०० भरते. तीव्र दम्यात बायोलॉजिक इंजेक्शनांचा विचार करताना १५० किंवा ३०० ही पातळी पाहिली जाते.

मात्र हा आकडा फसवाही आहे. स्टेरॉइडच्या गोळ्या चालू असताना तो झपाट्याने उतरतो आणि पोटात जंत झाल्यास दमा नसतानाही चढतो. म्हणून गोळ्या सुरू होण्यापूर्वीचा अहवाल रद्दीत टाकू नये. डॉक्टरांना तो आवर्जून दाखवावा व गोळ्या केव्हा सुरू झाल्या, तेही सांगावे. आकडा कमी आला म्हणून दमा नाही, असे ठरत नाही. त्या भरवशावर इनहेलर बंद करणे तर धोक्याचेच. उच्छ्वासातील नायट्रिक ऑक्साइड मोजण्याची चाचणीही उपयुक्त असते. काही सेकंद संथ, एकसारखी फुंकर घातली की झाले. धूम्रपान करणाऱ्यांत मात्र हा आकडा कमी दिसतो.