स्वस्त गाडी पहाटे चालू व्हायला हवी

सप्टेंबर २०२५ मध्ये ३५० सीसीपर्यंतच्या मोटारसायकलींवरचा जीएसटी २८ टक्क्यांवरून १८ वर आला. शंभर सीसीची गाडी शेतकऱ्याच्या आवाक्यात आली, चांगलंच झालं. पण पहाटे दुधाचे कॅन बांधून बटण दाबावं अन् नव्या गाडीनं नुसतं टिकटिक करावं, ही तक्रार गावोगाव ऐकू येते.

घर ते मळा, मळा ते डेअरी अशा छोट्या फेऱ्यांत सेल्फनं खाल्लेली बॅटरी भरून निघत नाही. एप्रिल २०२० पासूनच्या बीएस-६ गाड्यांत बहुधा फ्युएल इंजेक्शन असतं, त्याचा पंपही बॅटरीवरच चालतो. बॅटरी अर्धी असेल तर किकवर निभावतं. पार उतरली तर किक मारून पाय दुखतो, एवढंच! चोक ओढून भागायचे दिवस गेले.

तेव्हा मंडळी, पाचशे-हजाराच्या सुटीसाठी भांडताना किक आहे का, बॅटरीची वॉरंटी किती, हेही विचारा. एका वेळचं दूध नासलं तर ती सूट कुठं पुरणार? गाड्या गावोगाव विकायच्या अन् दुरुस्तीला जिल्ह्याला बोलवायचं, हे कंपन्यांनीही थांबवावं.

आणि टिकटिक ऐकू आली तर सेल्फ दाबत बसू नका. आधी बॅटरीची टर्मिनलं सैल झालीत का, पांढरी भुकटी धरलीय का, ते बघा.