सिग्नलला इंजिन बंद करून खरंच पेट्रोल वाचतं का?

ऑक्टोबर २०२० मध्ये दिल्ली सरकारने ‘रेड लाइट ऑन, गाडी ऑफ’ मोहीम सुरू केली. सिग्नल लाल झाला की इंजिन बंद करा, एवढंच आवाहन. मुद्दा प्रदूषणाचा होता, पण पेट्रोल शंभरीपार गेल्यापासून तो आपल्या खिशाचाही झालाय.

आधी गणित करू. छोटी पेट्रोल कार एसी बंद असताना नुसती उभी राहिली, तरी तासाला साधारण अर्धा लिटर पेट्रोल जातं. रोज जाता-येता सिग्नलवर १२ मिनिटं गेली, तर १०० मिली. महिन्याचे २५ दिवस धरले तर अडीच लिटर, म्हणजे अडीचशे रुपयांच्या वर! आणि यात गाडी एक मीटरही पुढे सरकलेली नसते.

‘पुन्हा स्टार्ट करताना जास्त पेट्रोल जातं’ हे घरी आपण सगळ्यांनीच ऐकलंय. ही समजूत कार्बोरेटरच्या काळातली. आताच्या फ्युएल इंजेक्शनमध्ये किती पेट्रोल सोडायचं ते कॉम्प्युटर ठरवतो. अमेरिकेच्या ऊर्जा विभागाच्या माहितीनुसार १० सेकंदांपेक्षा जास्त थांबणार असाल, तर गाडी बंद करून पुन्हा सुरू करणं स्वस्त पडतं.

अनेक गाड्यांमध्ये हे काम आपोआप होतं. हिरोच्या बाइक्समधली आय-थ्री-एस किंवा ॲक्टिव्हा १२५ मधली आयडलिंग स्टॉप सिस्टिम हेच करते. पण बरेच जण ते बटण बंदच ठेवतात. तुमच्या गाडीत ही सोय नसेल, तर स्टार्टर आणि बॅटरीवर ताण नको म्हणून मी ३० सेकंदांचा नियम सुचवेन. टायमर त्यापेक्षा जास्त दाखवतोय? बंद करा. गाडी हळूहळू सरकत असेल तेव्हा मात्र बंद करू नका.

पण सगळा भार चालकावर टाकणं मला पटत नाही. मे महिन्याच्या उन्हात एसी बंद करा, हे सांगणं सोपं आहे. मुळात गाडी थांबावीच का लागते? गुगलचा ‘ग्रीन लाइट’ प्रकल्प मॅप्सवरच्या वाहतुकीचा अभ्यास करून सिग्नलचं टायमिंग कसं बदलावं ते सुचवतो. २०२३ मध्ये बंगळुरू, हैदराबाद आणि कोलकाता ही शहरं त्यात होती. यामुळे थांबे ३० टक्क्यांपर्यंत कमी होऊ शकतात, असा गुगलचा दावा आहे.

म्हणून बटण आपण दाबूया, पण सिग्नलचा टायमर सुधारायला महापालिका आणि वाहतूक पोलिसांनाही सांगूया.