जनानी तंबोरा

साताऱ्याच्या एका भगिनीचे पत्र गेल्या महिन्यात आमच्याकडे आले. मुलगी नववीत आहे, गळा गोड आहे, शाळेतल्या बाई म्हणतात तिला गाणे शिकवा. दादीजान मात्र ऐकायला तयार नाहीत. "आपल्या घरातल्या मुली गात नसतात," एवढेच त्यांचे उत्तर.

गाण्याबजावण्याच्या जायज-नाजायजबद्दल उलेमांमध्ये पूर्वीपासून मतभेद आहेत. तो फैसला करण्याचा आमचा अधिकार नाही. पण "आपल्या घरातल्या" या शब्दांवर दोन गोष्टी सांगाव्यात असे वाटते. त्यासाठी साताऱ्याहून फार लांब जायला नको. मिरजेची गाडी पकडली की पुरे.

मिरजेत तंतुवाद्यांची दुकाने ओळीने लागतात. हा व्यवसाय उभा केला तो शिकलगारांनी, म्हणजे हत्यारांना धार लावणाऱ्या आपल्याच लोकांनी. एकोणिसाव्या शतकात तलवारींचे काम सरले, तेव्हा पटवर्धन संस्थानिकांच्या आश्रयाने फरीदसाहेबांनी सतारीला हात घातला. पुढे 'सतारमेकर' हेच आडनाव झाले. पंढरपूर भागातला वाळवलेला भोपळा, तुणाचे लाकूड आणि पिढ्यांचा कान, यांतून तंबोरा होतो. तार आणि घोडी यांच्यामध्ये दोऱ्याचा धागा सरकवून जवारी लावतात, तेव्हा कुठे स्वर गुंजू लागतो. 2024 साली मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला भौगोलिक मानांकनही मिळाले.

दुकानात तंबोऱ्याचे दोन प्रकार पाहायला मिळतात. पुरुषांच्या खालच्या पट्टीसाठी मोठा मर्दानी, बायकांच्या उंच पट्टीसाठी लहान जनानी. मुलीच्या गळ्याचे माप आपल्याच कारागिरांनी केव्हाच घेऊन ठेवले आहे.

दुसरी गोष्ट हिराबाई बडोदेकरांची. 1905 साली त्या मिरजेतच जन्मल्या. वडील किराणा घराण्याचे उस्ताद अब्दुल करीम खाँ, आई ताराबाई माने. मुलींनी गायिका व्हावे हे खाँसाहेबांच्या मनात नव्हते, असे सांगतात. हिराबाई शिकल्या त्या मुख्यतः भाऊ सुरेशबाबू आणि उस्ताद अब्दुल वहीद खाँ यांच्याकडून. ज्या काळी बाईचे गाणे म्हणजे महफिलीची चीज समजली जाई, त्या काळी त्यांनी तिकीट लावून जाहीर जलसे केले. पदर नीट, बैठक शांत, हातवारे नाहीत. लोक बायकामुलांना घेऊन ऐकायला येऊ लागले. धाकटी बहीण सरस्वती राणे यांच्यासोबतची त्यांची जुगलबंदीही गाजली. 1965 साली संगीत नाटक अकादमीचा पुरस्कार आणि 1970 साली पद्मभूषण त्यांना मिळाले. 1989 साली त्यांचे निधन झाले.

खाँसाहेब 1937 साली गेले. त्यांची कबर मिरजेत हजरत मीरासाहेबांच्या दर्ग्याच्या आवारात आहे. उरुसात त्यांच्या आठवणीत तिथे गाणे होते आणि देशभरातले कलाकार हजेरी लावून जातात.

तेव्हा भगिनी, दादीजानशी हुज्जत घालू नका. त्यांची काळजी खोटी नाही. गाणाऱ्या बाईकडे लोकांनी कसे पाहिले, हे त्यांच्या पिढीने डोळ्यांनी पाहिले आहे. त्यांना एकदा मिरजेला घेऊन जा. दर्ग्यात फातिहा होऊ द्या. मग एखाद्या दुकानात बसून जनानी तंबोरा त्यांच्याच मांडीवर ठेवा आणि तार छेडायला सांगा. मुलगी काय शिकणार ते त्यांच्या कानांना कळू द्या. त्यानंतरही त्या नको म्हणाल्या, तर निदान नीट ऐकून तरी म्हणतील.

अभ्यास सांभाळून, घरात आईसमोर बसून, रोज तासभर रियाज. यात घराण्याची अब्रू जाते असे आम्हाला वाटत नाही. पुढचे पत्र मुलीच्याच हातचे आले, तर आनंद होईल.