आधी पाणी, मग गाणी?

माजलगावात संगीत नाटकाचा विषय काढून बघा. ठरलेलं उत्तर मिळतं, "आधी पाणी, मग गाणी." अहो, सिंदफणेवर धरण होऊन चाळीसेक वर्षं होत आली! ऊस आला, कारखाने आले. गाणी अजून रांगेतच.

कोल्हापुरात शाहू महाराजांनी अशी रांग लावलीच नाही. १९०२ साली ते रोमचं कलोझियम पाहून आले. १९१२ला खासबागेचं कुस्ती मैदान झालं आणि १९१५ला त्याला खेटूनच पॅलेस थिएटर, म्हणजे आजचं केशवराव भोसले नाट्यगृह. राधानगरीचं धरणही त्यांनीच हाती घेतलेलं, बरं का! दुपारी कुस्ती, मग तांबडा-पांढरा, आणि बाहेर पाऊस कोसळत असताना आत नाट्यपदं. कुस्ती कळते त्याला गाणं कळत नाही, हे कुणी ठरवलं?

८ ऑगस्ट २०२४ला ते नाट्यगृह जळालं. कोल्हापूरकर हळहळले आणि ते पुन्हा उभं करायला घेतलं. 'आधी पाणी' नाही म्हणाले.

आपल्याकडे कुस्ती जत्रेपुरती, तीही पाऊस आला की मोडते. जेवण ढाब्यावर. नाटकाला एसटीने संभाजीनगर गाठा. पुढच्या खेपेला मोक्याच्या जागेवर गाळे काढायचं ठरेल, तेव्हा नकाशा मागा आणि विचारा, रंगमंच कुठे दाखवलाय?